यंदा दरी नको, अंगण हवं

पाचगणीला आम्ही गेल्या वर्षीही गेलो होतो. तेव्हा फोटोतली दरी पाहून खोली घेतली. पोचल्यावर पाहिलं तर गॅलरीचा कठडा माझ्या कमरेच्याही खाली, आणि त्याला टेकवून ठेवलेली प्लॅस्टिकची खुर्ची! धाकटा तेव्हा अडीच वर्षांचा. दोन दिवस गॅलरीच्या दाराला कडी आणि आमच्यापैकी एकजण कायम पहाऱ्यावर. दरी पाहिली ती काचेतूनच.

म्हणून या फेब्रुवारीत सांगलीहून निघण्याआधी फोनवर सगळं विचारून घेतलं. खोली तळमजल्यावर मिळेल का? पोहण्याचा तलाव असेल तर त्याला कुंपण आहे का? गरम पाणी कधीपर्यंत येतं? रात्री दूध तापवून मिळेल का? सासूबाईंचे गुडघे दुखतात, पायऱ्या किती? तीन ठिकाणी उत्तर आलं, ‘या तर खरं, सगळं करू.’ चौथ्या ठिकाणच्या बाई म्हणाल्या, "तलाव नाही ताई आमच्याकडे. अंगण आहे मोठं. खिडक्यांना जाळी आहे, पण माकडं येतात, खाऊ बाहेर ठेवू नका." उणं आपणहून सांगणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसतो. तिथेच ठरवलं.

वाई सोडली की पसरणी घाट लागतो. मुलांना त्याआधी पोटभर खायला घालू नका. आम्ही आलेपाक चघळायला दिला आणि मध्ये एकदा गाडी थांबवली. निभावलं.

भिलारजवळची ती जागा साधीच, पण अंगणाला लागून स्ट्रॉबेरीचं शेत. वाफ्यांवर प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला, पानांखाली लाल फळं लपलेली. बाईंनी धाकट्याला उकिडवं बसवून शिकवलं: फळ ओढायचं नाही, देठ नखानं खुडायचा. पहिलंच फळ त्यानं अर्धं पांढरं असताना तोंडात टाकलं आणि डोळे गच्च मिटले. मग मात्र प्रत्येक फळ उलटं करून, खालची बाजू लाल झालीय का, ते बघू लागला. दोन्ही सकाळी तो तिथून हलला नाही.

टेबललँडलाही गेलो. पठाराच्या कडा उघड्या आहेत, तेव्हा लहानांना घेऊन मधोमधच फिरा.

थोरली नऊ वर्षांची, तिला भिलारनं जिंकलं. 4 मे 2017 ला हे ‘पुस्तकांचं गाव’ झालं. गावातल्या घराघरांत विषयवार पुस्तकं मांडली आहेत, आत जाऊन खुशाल बसायचं, वाचायचं. बालसाहित्याच्या घरात ती भिंतीला टेकून दोन तास वाचत होती. सासूबाई संतसाहित्याच्या घरात रमल्या. कुणीही कुणाला ‘चला’ म्हटलं नाही.

निघताना पुस्तक अर्धंच राहिलं होतं. थोरलीनं पानाचा आकडा वहीत लिहून घेतला. दिवाळीच्या सुट्टीसाठी त्याच बाईंना फोन करून ठेवलाय. खोली तळमजल्यावरचीच मागितली आहे.