जुमार नंतर घ्या, आधी विहिरीचा काठ बघा

आमच्या परड्यातली विहीर ४५ फूट खोल, पूर्ण जांभ्यात खणलेली. वैशाखात पाणी तळाला गेलं की ती माझी गुहा. मेघालयातल्या चुनखडीच्या गुहांत उतरायचंय, आणि देवगड तालुक्यात सरावाला यापेक्षा सरळ खोल जागा मला तरी मिळालेली नाही.

पहिल्या वर्षी माझ्याकडे हँडलवाला एक जुमार, छातीवरचा क्रोल (दोन्ही रोपावर वर सरकणारी, पण खाली न घसरणारी क्लिपं) आणि भरपूर आत्मविश्वास होता. रोप आंब्याला बांधला आणि काठावरून सरळ सोडला. उतरताना मजा आली. चढताना काठाच्या हातभर खाली अडकलो. माझ्या वजनाने रोप चिऱ्याला असा चिकटला होता की जुमार वर सरकवायला बोटं आत जाईनात. क्रोलवर सगळं वजन, त्यामुळे तोही सुटेना. वरून काका, "कित्याक रे ह्यां सगळां? शिडी आसा मां!"

शेवटी चुलतभावाने दुसऱ्या रोपाचा फास सोडला, त्यात पाय घालून उभा राहिलो तेव्हा सुटलो. वर येऊन रोप बघितला तर आवरणाचे धागे बोटभर फिस्कटलेले. टाकीने कापलेला जांभ्याचा काठ म्हणजे खोबरं खवायची खवणी.

तेव्हापासून माझा क्रम उलटा झाला. रोप कुठून, कसा लोंबणार हे आधी, चढायचं सामान नंतर.

मेक्सिकोतल्या गोलोंद्रिनास गुहेसारख्या ३३३ मीटरच्या अधांतरी झेपेला अमेरिकन पद्धत शोभते. जाड रोप, वर एकदा पक्का बांधायचा, काठाला पॅड लावायचं आणि 'रोपवॉकर' वापरून जिना चढल्यासारखं एकेक पाय टाकत चढायचं. लांब चढाईत याच्याइतका वेग दुसऱ्या कशाला नाही. युरोपियन लोक बारीक रोप वापरतात, पण तो खडकाला घासूच देत नाहीत. जिथे घासेल तिथे मध्येच नवा अँकर, म्हणजे रोप बांधायची नवी जागा घेतात, त्याला रिबिले म्हणतात. आता प्रत्येक रिबिलेला चढायची क्लिपं एका रोपावरून काढून वरच्या रोपावर लावायची असतात. रोपवॉकरवाला तिथे घोट्याजवळच्या क्लिपेशी झटापट करत बसतो. क्रोल आणि जुमारच्या 'फ्रॉग' पद्धतीत छोटी काउज टेल (कमरपट्ट्याची आखूड दोरी) अँकरला अडकवायची, फूटलूपमध्ये, म्हणजे जुमारला लोंबणाऱ्या पायाच्या फासात उभं राहायचं, क्रोल वरच्या रोपावर, मग जुमार. सवय झाल्यावर मिनिटभराचं काम. माझा कौल फ्रॉगलाच.

पण फ्रॉग फूटलूपच्या लांबीवर चालतो, आणि दुकानात हे कुणी सांगत नाही. फूटलूपमध्ये ताठ उभं राहिल्यावर जुमारचा तळ क्रोलच्या जेमतेम वर यायला हवा. माझा फूटलूप चार बोटं लांब होता, म्हणून दर पावलाला चार बोटांची चढाई वाया. छातीचा पट्टा सैल असेल तर क्रोल पुढे झुकतो आणि हात भरून येतात. पहिले काही फूट खालच्या रोपाला वजन नसतं, तेव्हा क्रोलमधून रोप सरकतच नाही. तो दोन पायांच्या मध्ये धरायचा.

आता विहिरीवर दोन झाडांना बांधून मधोमध रोप सोडतो, म्हणजे काठाला शिवतच नाही. दोन फाट्यांतला कोन ९० अंशांच्या आत ठेवतो. १२० झाला तर प्रत्येक फाट्यावर अख्खं वजन येतं, मग दोन झाडांचा उपयोग काय? जांभ्यात बोल्ट ठोकण्याच्या भानगडीत पडत नाही. आमच्याकडे एकाच चिऱ्यात कडक आणि मातीसारखं मऊ असं दोन्ही असतं.

जुमार हे नाव ज्युसी आणि मार्टी या दोन स्विस माणसांच्या नावांतून आलंय, १९५८ सालचं. त्यांनी कोकणातली लाल धूळ बघितली नसावी. ती दात्यांत आणि स्प्रिंगमध्ये बसली की रोप पकडणारा कॅम अर्धवट उघडा राहतो, म्हणून दर वेळी जुना टूथब्रश आणि गोडं पाणी. खारी हवा कॅराबिनरची (जोडायच्या कड्यांची) गेटंही अडकवते.

परवा ब्रशने जुमार घासत बसलो होतो. काका आले, थोडा वेळ बघत राहिले. म्हणाले, "खाली जातंसच तर तो पंपाचा फूटव्हॉल साफ करून ये."