सिराक्यूजच्या भिंतीत चिणलेले खांब

सिसिली बेटावरच्या सिराक्यूज शहरात मी तीन दिवस राहिलो आणि त्यांतला निम्मा वेळ एकाच इमारतीभोवती घालवला. ही इमारत म्हणजे ओर्तीजा या जुन्या भागातले कॅथेड्रल, म्हणजे बिशपचे मुख्य चर्च. ओर्तीजा हे समुद्रात शिरलेले छोटेसे बेट असून ते पुलांनी मुख्य भूमीशी जोडलेले आहे. कॅथेड्रलच्या समोरचा चौक फिकट रंगाच्या दगडाचा आणि अतिशय देखणा आहे, आणि बहुतेक प्रवासी तिथेच उभे राहून दर्शनी भागाची छायाचित्रे घेतात. मला मात्र इमारतीच्या उत्तरेकडच्या अरुंद गल्लीने धरून ठेवले. त्या गल्लीचे नाव आजही व्हिया मिनर्व्हा असे आहे. ग्रीकांच्या अथीना देवीलाच रोमन लोक मिनर्व्हा म्हणत, आणि हे कॅथेड्रल मुळात अथीनेचे देऊळ होते.

गल्लीत शिरल्यावर प्रथम एक साधी, उंच, वर कंगोरे असलेली भिंत दिसते. दोन पावले पुढे गेल्यावर लक्षात येते की त्या भिंतीतून प्रचंड जाडीचे दगडी खांब अर्धेअधिक बाहेर आलेले आहेत. ते डोरिक शैलीचे आहेत, म्हणजे त्यांना बैठक नाही. ते थेट जोत्यावरून उठतात, वर निमुळते होत जातात आणि माथ्यावर उशीसारखा फुगीर दगड व त्यावर चौकोनी फरशी घेऊन थांबतात. मी एका खांबाच्या उभ्या पन्हळीत तळहात टेकवला. पन्हळीची कड झिजून बोथट झाली होती, चुनखडीच्या दगडात बारीक छिद्रे पडली होती, आणि खांब जिथे संपून भिंत सुरू होते त्या सांध्यात हात खरखरीत चुन्याला लागला. त्या एका बोटाच्या रुंदीच्या सांध्याच्या दोन बाजूंना बांधकामाची सुमारे अकराशे वर्षे आहेत.

सिराक्यूज तेव्हा ग्रीकांचे शहर होते. इ.स.पू. ४८० मध्ये तिथला सत्ताधीश गेलॉन याने सिसिलीतल्याच हिमेरा येथे उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या सैन्याचा पराभव केला आणि त्या विजयानंतर हे देऊळ उभे राहिले. दर्शनी बाजूंना सहा आणि लांबीच्या बाजूंना चौदा असे खांब सभोवती होते, आणि त्यांच्या आत भिंतींचे बंदिस्त गर्भगृह होते. खांबांची रांग आणि गर्भगृह यांच्यामधली जागा आपल्याकडच्या प्रदक्षिणापथासारखीच म्हणता येईल. रोमन सेनापती मार्सेलस याने इ.स.पू. २१२ मध्ये शहर जिंकले, त्याच धामधुमीत आर्किमिडीज मारला गेला, पण या देवळाला मार्सेलसने हात लावला नाही. तो लावला पुढे वेरेस नावाच्या रोमन सुभेदाराने. इ.स.पू. ७० मध्ये रोमन वकील आणि वक्ता सिसेरो याने त्याच्यावर खटला चालवला, तेव्हा या देवळातून काय काय नेले गेले याची जंत्रीच त्याने मांडली: भिंतींवरची घोडदळाच्या लढाईची चित्रे, सिसिलीच्या राजांची सत्तावीस व्यक्तिचित्रे, सोने आणि हस्तिदंत जडवलेल्या दारांवरचे काम. देवळाच्या आतल्या वैभवाची कल्पना आपल्याला येते ती मुख्यतः या चोरीच्या आरोपपत्रामुळे, याचे मला राहून राहून वाईट वाटले.

सातव्या शतकात बिशप झोसिमो यांच्या काळात देवळाचे चर्च झाले, आणि ज्या रीतीने ते झाले ती मला या इमारतीतली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. ग्रीक देवळात उपासना उघड्यावर, बाहेरच्या वेदीशी होई आणि आत केवळ मूर्ती असे; चर्चमध्ये मात्र सगळा समुदाय आत मावावा लागतो. म्हणून कारागिरांनी बाहेरच्या खांबांमधल्या मोकळ्या जागा भिंतीने बुजवल्या आणि गर्भगृहाच्या दोन्ही बाजूंच्या सलग भिंती कापून त्यांत आठ-आठ कमानी केल्या. जे उघडे होते ते बंद झाले आणि जे बंद होते ते उघडले. गर्भगृह चर्चचे मधले दालन झाले आणि प्रदक्षिणापथाच्या दोन बाजूंची दोन बाजूदालने झाली. देवळाचे दार पूर्वेला होते. आता वेदी पूर्वेला गेली आणि प्रवेश पश्चिमेकडून सुरू झाला. अथीनेच्या दर्शनाला येणारा जिकडे तोंड करून चालत असे, त्याच्या नेमके उलट आजचा भाविक चालतो.

नवव्या शतकात अरबांनी शहर घेतल्यावर इथे मशीद झाली, अकराव्या शतकात उत्तर फ्रान्सकडचे नॉर्मन लोक आले आणि पुन्हा चर्च झाले. गल्लीतल्या भिंतीवरचे कंगोरे हा त्यांच्याच काळाचा वारसा. १६९३ च्या भूकंपाने आग्नेय सिसिली उद्ध्वस्त केली, त्यात दर्शनी भागही कोसळला. आजचा डौलदार, बरोक या अलंकारप्रचुर शैलीतला दर्शनी भाग आंद्रेआ पाल्मा याच्या आराखड्यानुसार अठराव्या शतकात बांधला गेला.

आत गेल्यावर या बरोक थाटाचा मागमूसही फारसा राहत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत जीर्णोद्धार करताना आतले बरोक लेपन काढून दगड उघडा करण्यात आला. त्यामुळे ग्रीक खांब स्पष्ट दिसू लागले हे खरे, आणि मीही त्यांच्यासाठीच तिथे गेलो होतो. तरीही एका काळाला उजेडात आणण्यासाठी दुसऱ्या काळाचे काम खरवडून टाकणे मला पटत नाही. ज्या इमारतीत प्रत्येकाने आधीच्याचे राखून आपले बांधले, तिथे हा नियम आपणच मोडला.

दक्षिणेकडच्या बाजूदालनातून सांता लुचिया या शहराच्या संत-रक्षिकेच्या चॅपेलकडे, म्हणजे छोट्या प्रार्थनागृहाकडे, जाता येते. तिची चांदीची मूर्ती १३ डिसेंबरला मिरवणुकीने बाहेर निघते. मी गेलो तेव्हा मूर्ती दाराआड होती, पण एक वृद्ध बाई तिथे हात जोडून उभ्या होत्या. प्रार्थना संपल्यावर त्यांनी वळून शेजारच्या ग्रीक खांबावर सहज हात टेकवला, श्वास घेतला आणि त्याच्याच आधाराने त्या खाली बाकावर बसल्या.