खिडकी उघडी ठेवा न बाप्पा!

होळी जळाली की नागपुरात माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. आमच्या मामांचा सीझनही तेव्हाच सुरू व्हायचा. सायकलच्या कॅरिअरला वुडवुलचं, म्हणजे कूलरच्या बाजूंना भरायच्या लाकडी किसाचं, बोचकं, हँडलला पिशवी; पिशवीत पाना, टेस्टर आणि मामीनं टाकलेला एक कांदा. कांदा जवळ असला की ऊन लागत नाही यावर मामीचा विश्वास होता, आणि मामांचा मामीवर.

मामा मूळचे एम्प्रेस मिलचे. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केलेली ही गिरणी. आता तिथे मॉल आहे. कोरड्या हवेत सूत पटापट तुटतं आणि नागपूरची हवा मे महिन्यात पापडासारखी कोरडी, म्हणून गिरणीत पाण्याचे फवारे मारून ओल राखावी लागे. मामा त्याच कामावर होते. गिरणी सुटल्यावर तीच विद्या घेऊन ते गल्लीत उतरले.

धंदा मात्र त्यांना कधी जमला नाही. कूलरचा पंप बंद पडला म्हणून बोलावलं की ते तो उपडा करायचे, खालची जाळी नखानं उचकटायचे, आत चढलेला पांढरा क्षार जुन्या टूथब्रशनं घासायचे, पाखी बोटानं फिरवून बघायचे. मग पंप बादलीत बुडवून चालू करायचे. नळीतून पाणी उडालं की घरातल्या पोराला हाक : "पाय, आता तू करून दाखव." पोरगं शिकायचं आणि पुढच्या उन्हाळ्यात त्या घरून बोलावणं यायचं नाही. मामी करवादायची, "साऱ्या मोहल्ल्याले मेकॅनिक बनवून टाकलं, आता आपन काय खाचं?"

काही ठिकाणी तर बिघाडच नसायचा. एसीची सवय लागलेली माणसं दारं-खिडक्या गच्च लावून कूलर चालवतात आणि घामानं चिकचिकतात. "खिडकी उघडी ठेवा न बाप्पा! आतली हवा जाईन कुठं?" म्हणत मामा समोरची खिडकी उघडत आणि पिशवी उचलत. खिडकी उघडायचे पैसे कायचे? जुलैत हवाच दमट झाली की कूलर काय करणार, तेव्हा लोक नवी मोटर टाकायला निघत आणि मामा त्यांना पंप बंद करून नुसता पंखा चालवायला सांगत. हातची मोटर अशी किती वेळा गेली असेल!

अर्थिंगच्या बाबतीत मात्र हा मवाळ माणूस घरमालकावरही आवाज चढवायचा. पत्र्याच्या कूलरमध्ये करंट उतरून दर उन्हाळ्यात माणसं जातात. घरात रांगतं पोर दिसलं की मामा स्वतःच्या पिशवीतली वायर काढून अर्थिंग करूनच उठत, आणि तिचे पैसे मागायचे विसरत. खरंच विसरत की काय, हे मामीलाही कधी कळलं नाही.

मे २०२४ च्या अखेरीस इथल्या एका स्वयंचलित केंद्रानं तापमान ५६ अंश दाखवलं, देशभर बातमी झाली. नंतर हवामान खात्यानं सेन्सरमध्ये गडबड असल्याचं सांगितलं. मामांनी पेपर घडी करून ठेवला. "जाळी चोकली असन."

पुढच्या थंडीत ते गेले. तेरवीला पंगत उठल्यावर मागच्या गल्लीतल्या एक काकू मामीजवळ येऊन बसल्या. बराच वेळ मामांचं चांगलं बोलल्या, डोळे पुसले आणि मग हळूच म्हणाल्या, "आता आमचा पंप कोन पाहीन वो?"

मामीनं पदरानं नाक पुसलं. "तुमच्या पोराले शिकवला होता न त्याईनं? त्याले म्हना, जाळी काढ पयले."