सात वर्षांची मुदत

न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनच्या ब्रायटन बीच भागातील एका ज्येष्ठ नागरिक केंद्रात मी समाजसेविका म्हणून काम करते. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेली रशियन इथे दिवसभर उपयोगी पडते, कारण आमच्याकडे येणारे बहुतेक वृद्ध युक्रेन, बेलारूस, उझबेकिस्तान येथून आलेले ज्यू निर्वासित आहेत. त्यांची औषधे, घरभाड्याची पत्रे, मदतनीस बाईंचे तास ही रोजची कामे. पण जीव टांगणीला लागतो तो नागरिकत्वाच्या अर्जांनी. एसएसआय हा गरजू वृद्धांना मिळणारा सरकारी निर्वाहभत्ता निर्वासितांना सातच वर्षे मिळतो आणि तेवढ्यात नागरिकत्व मिळाले नाही, तर तो बंद होतो. २०२४ मध्ये एकट्या व्यक्तीसाठी त्याची केंद्रीय रक्कम महिना ९४३ डॉलर होती.

२०१७ साली खारकीवहून आलेल्या, पंच्याऐंशी वर्षांच्या एका आजींचा भत्ता त्या उन्हाळ्यात असाच थांबला. नागरिकत्वासाठी इंग्रजीची आणि इतिहास-राज्यव्यवस्थेची परीक्षा द्यावी लागते. आजींनी चौकटीच्या वहीत इंग्रजी उत्तरे रशियन लिपीत लिहून काढली होती; रोज सकाळी त्या पहिल्या पानापासून सुरुवात करत आणि दुपारपर्यंत मनातून सारे पुसले जाई. अशा व्यक्तींना एन-६४८ या वैद्यकीय प्रमाणपत्रावर परीक्षेतून सूट मिळते, मात्र वय हे कारण चालत नाही. त्यांच्या पहिल्या प्रमाणपत्रात ‘वयोमानानुसार विस्मरण’ एवढेच लिहिलेले होते आणि कार्यालयाने ते अपुरे ठरवले. मग आम्ही त्यांना रशियन जाणणाऱ्या डॉक्टरांकडे नेले. तपासणीत कागदावर घड्याळाचे चित्र काढायला सांगितल्यावर, ट्रॅक्टर कारखान्यात उभा जन्म यंत्रांचे आराखडे काढलेल्या या बाईंना वर्तुळात आकडे बसवता आले नाहीत.

नागरिकत्वाच्या दुसऱ्या मुलाखतीला मी दुभाषी म्हणून गेले. जे बोलले जाईल तेवढेच भाषांतरित करीन, अशी शपथ मला आधी घ्यावी लागली. अधिकारी शांतपणे विचारत होते. ‘तुम्ही कधी कम्युनिस्ट पक्षाच्या सदस्य होता का?’ हा प्रश्न येताच आजी ताठ झाल्या. पक्षात नव्हते, कोमसोमोलमध्ये, म्हणजे पक्षाच्या युवक संघटनेत, मात्र शाळेतल्या सगळ्यांसारखी होते, असे सांगून त्यांनी त्यात गेल्याचे सालही सांगितले. पाठोपाठ कोणी न विचारता १९४१ सालची गोष्ट निघाली: जर्मन खारकीवला पोहोचण्यापूर्वी आईने त्यांना मालगाडीतून ताश्कंदला कसे नेले, डब्यात किती माणसे होती. आईकडून ऐकलेले ते सारे त्यांना जसेच्या तसे पाठ होते.

अधिकाऱ्यांनी लिहिणे थांबवले आणि प्रमाणपत्राकडे पाहिले. इतके आठवणाऱ्या बाईंना स्मृतिभ्रंश कसा, ही शंका त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होती. जुने टिकते आणि नवे रुजत नाही, हे मी रोज पाहते. पण घेतलेल्या शपथेमुळे मला एक शब्दही स्वतःचा बोलता येत नव्हता. शेवटी त्यांनी प्रमाणपत्राचे पान उलटले. डॉक्टरांनी तिथे नेमके हेच लिहिले होते: बालपणाच्या आठवणी शाबूत आहेत, नवी माहिती काही मिनिटांपलीकडे राहत नाही, म्हणून नवी भाषा शिकणे शक्य नाही. ते त्यांनी दोनदा वाचले. आज कोणती तारीख, असे विचारले. आजींनी माझ्याकडे पाहिले, मग खिडकीकडे, आणि म्हणाल्या, ‘वसंत असावा.’ बाहेर ऑक्टोबर होता.

सूट मंजूर झाली. नागरिकत्वाचा शपथविधी झाल्यावर आम्ही भत्त्याचा अर्ज पुन्हा भरला. मधल्या महिन्यांत खारकीवमधला मुलगा, युद्धाच्या झळा सोसत असूनही, आईला पैसे पाठवू का म्हणून विचारत होता, हे मला अजून सलते. ही मुदत कायद्यातून काढूनच टाकायला हवी, असे माझे ठाम मत आहे. तोपर्यंत कोणाची सात वर्षे कधी भरतात याची यादी आम्ही केंद्रात ठेवतो आणि पाचव्या वर्षीच डॉक्टरांची वेळ घेतो.