बॅटरी रूमची ड्यूटी

"सर, छतावर एवढं सोलर आहे, बाहेर रणरणतं ऊन आहे, आणि आमच्याकडे लाइट नाही? मग पैसे कशाचे घेतले?"

गेल्या वर्षी मे महिन्यात वारज्यातल्या एका सोसायटीच्या सेक्रेटरी मॅडमनी मला फोनवर हे विचारलं. रस्त्याच्या खोदकामात उच्चदाबाची केबल तुटली होती. दुपारचा एक वाजलेला. जनरेटर होता, पण त्याच्या स्टार्टरची बॅटरीच उतरलेली. सातव्या मजल्यावर एक आजोबा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर होते. घरचा इन्व्हर्टर दीड तासात बसला, मग सोसायटीतल्या दोन पोरांनी सिलिंडर खांद्यावर घेऊन सात मजले चढवला.

मी पोहोचलो तेव्हा पार्किंगमध्ये पंधरा-वीस माणसं उभी होती. छतावरच्या ४० किलोवॅटच्या पॅनेलमध्ये काहीच बिघाड नव्हता. बिघाड नव्हता म्हणूनच ती बंद होती. नेट मीटरिंगचा साधा सोलर इन्व्हर्टर स्वतः वीज उभी करत नाही, तो आधीपासून असलेल्या विजेत आपली वीज मिसळतो. ग्रिडची लय सापडली नाही की क्षणात बाजूला होतो. तसा झाला नाही, तर तुटलेल्या केबलवर हात घालणाऱ्या लाइनमनच्या अंगात आपल्या छतावरची वीज जाईल. हे मी शक्य तितक्या शांतपणे सांगितलं. कोणाचंच समाधान झालं नाही. मग जिन्यात बसलेली एक कॉलेजातली मुलगी म्हणाली, "म्हणजे काका, आमच्या पथकासारखं. ताशा थांबला की ढोलांनी वाजवायचं नाही. ठेका देणारंच कोणी नाही ना."

एकतीस वर्षांच्या नोकरीत मी ही गोष्ट कितीतरी ज्युनिअर इंजिनिअरांना समजावली असेल. इतकी नेमकी मला कधी सांगता आली नाही.

माझी नोकरी परळीच्या थर्मलमध्ये, म्हणजे कोळशावरच्या वीज केंद्रात झाली, शेवटची चौदा वर्षं कंट्रोल रूमच्या डेस्कवर. निवृत्तीनंतर मुलीकडे कोथरूडला आलो आणि माझ्या मुलांच्या वयाच्या तिघांनी चालवलेल्या एका छोट्या सोलर फर्ममध्ये जाऊ लागलो. जुने सहकारी विचारतात, आयुष्यभर कोळसा जाळलास आणि आता हे? त्यांना मी माझ्या नोकरीचं पहिलं वर्ष आठवायला सांगतो. तेव्हा माझी ड्यूटी बॅटरी रूममध्ये असायची. शंभरावर शिसं-आम्लाचे सेल ओळीनं मांडलेले, २२० व्होल्ट डीसी, ॲसिडचा घशाला लागणारा वास. हातात हायड्रोमीटर घेऊन एकेका सेलमधल्या ॲसिडची घनता वहीत लिहायची. कंटाळा यायचा. मग एका रात्री सगळं केंद्र अंधारात गेलं आणि कळलं की ही खोली कशासाठी आहे. मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरणारी टर्बाइन एकदम थांबत नाही. थांबेपर्यंत तिच्या बेअरिंगला तेल मिळालं नाही तर ती जळतात. आणि सगळी वीज गेलेली असताना ते तेल पुरवणारा पंप त्या बॅटरीवर चालतो. म्हणजे २१० मेगावॉटच्या संचाचा जीव त्या रात्री त्या खोलीत होता.

आणि पुन्हा सुरू करताना? थर्मल स्वतःच्या बळावर उठत नाही. पंखे, मिल, फीड पंप चालवायला बाहेरून वीज लागते. एका बॉयलर फीड पंपाची मोटरच चार मेगावॉटची. आधी कोयनेसारखं जलविद्युत केंद्र उभं राहतं, ते लाइनमध्ये वीज सोडतं, मग आमची पाळी. सोलरला नावं ठेवणाऱ्यांना मी हे हमखास सांगतो. ठेक्याची वाट आम्हीही पाहायचो.

साठ्याशिवाय वीज कधीच नव्हती. यार्डातला कोळशाचा ढीग हा साठाच होता. पूर्ण भारावर एक संच दिवसाला जवळपास एक रेक खायचा, म्हणजे ५८-५९ वाघिणी. त्यातला तिसरा हिस्सा किंवा जास्तच राख होऊन तळ्यात जायचा. पण ढीग होता म्हणून रात्री दोन वाजताही मागेल तेवढी वीज देता यायची. कोळसा जाताना हा ढीगही जातो, आणि त्याच्या जागी काय ठेवायचं हाच खरा प्रश्न आहे. २०२५ च्या जूनमध्ये देशाच्या एकूण स्थापित क्षमतेत कोळसा-वायू सोडून बाकीच्यांचा वाटा निम्म्यावर पोहोचला. आनंदाची गोष्ट आहे. पण घरोघर पोहोचणाऱ्या युनिटांपैकी साधारण सत्तर टक्के अजून कोळशातूनच येतात, कारण सूर्य मावळल्यावर दिवे लागतात.

सोसायटीत तीन मीटिंगा झाल्या. जनरेटरचा एक लिटर डिझेल जाळून तीन-साडेतीन युनिट मिळतात, तेव्हा ते युनिट पंचवीस रुपयांच्या पुढे जातं, हे हिशोबानं दाखवलं. शेवटी १०० युनिट साठवणारी लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी आणि ठेका धरू शकणारा ५० किलोवॅटचा इन्व्हर्टर ठरला. मी एकाच गोष्टीवर अडून बसलो: बॅटरी तळघरात ठेवायची नाही. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी कसं शिरलं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. स्टिल्टमध्ये तीन फुटांचा ओटा बांधून घेतला.

आता चाचणीच्या दिवसाबद्दल.

ऑगस्टमधला शनिवार, श्रावण चालू. आम्ही ठरवलं होतं की सकाळी अकराला सोसायटीच्या सामायिक लाइनचा मुख्य स्विच पाडायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातपर्यंत सोसायटीच्या लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे ग्रिडशिवाय चालवायचे. प्रत्येक मजल्यावर पॅसेजमध्ये एक पॉइंट या लाइनवर काढला होता. सातव्या मजल्यावरच्या आजोबांना मी स्वतः भेटलो. म्हटलं, "आज रात्री तुमचं मशीन ग्रिडवरच असू द्या, आमची परीक्षा आहे." ते म्हणाले, "मग परीक्षा कसली? माझं मशीन त्याच्यावरच लावा. सिलिंडर उशाशी आहे."

अकराला स्विच पाडला. दिवे मिचकावलेसुद्धा नाहीत. इन्व्हर्टरच्या पडद्यावर ५०.० हर्ट्झ, म्हणजे ग्रिडची नेहमीची लय. मिनिटाभरात छतावरच्या इन्व्हर्टरांना लय सापडली आणि एकेक करून सोलर आत आलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. अकरा-वीसला सगळं धाडकन बंद.

टाकीतलं पाणी उतरलं म्हणून दोन्ही पंप एकाच क्षणी सुरू झाले होते. दहा-दहा एचपीच्या मोटरी, स्टार्टर जुने, थेट लाइनवर घेणारे. मोटर उठताना चालू प्रवाहाच्या सहापट ओढते. ग्रिडला ते जाणवत नाही, आमच्या ५० किलोवॅटला जाणवलं. लिफ्ट रिकामी होती हे नशीब. सेक्रेटरी मॅडमचा चेहरा उतरला, आमचा सगळ्यांत धाकटा भागीदार घामानं भिजला. मी त्याला म्हटलं, फीड पंप सुरू करताना आमच्या मुख्य वीजपट्टीचा व्होल्टेज कसा खाली जायचा, ते तुला सांगितलं नव्हतं, चूक माझी. ऑटो काढून पंप हातावर घेतले, एकानंतर दुसरा, मध्ये अर्धा मिनिट. दहा मिनिटांत परत उभे राहिलो.

पंपाची किल्ली वॉचमन मामांकडे. मामा मुळशी तालुक्यातले. साइटवर आम्ही चहा पीत असताना त्यांनी एकदा सहज सांगितलं होतं की त्यांच्या पणज्याची भातखाचरं धरणाखाली गेली. मुळशीचा सत्याग्रह १९२१ चा, सेनापती बापटांचा. वीज मुंबईला गेली. साठ्याला जागा लागते आणि ती कोणाची तरी असते, हे मामांना मी सांगायची गरज नव्हती. सह्याद्रीत उदंचनाचे, म्हणजे पाणी वर चढवून वीज साठवायचे नवे प्रकल्प येऊ घातलेत, ते हवेतच असं मला वाटतं, आणि प्रत्येक वेळी मामांचा पणजा आठवतो.

साडेबाराला ढग फाटले. सोलर ३१ किलोवॅटवर गेलं, लोड जेमतेम नऊ. बॅटरी भरत आली, ९८, ९९, शंभर. आणि पडद्यावरचा आकडा हलू लागला. ५०.३. ५०.७. ५१.२.

डेस्कवर बसलेल्या माणसाच्या छातीत काय होतं हे शब्दांत सांगणं अवघड आहे. ५१.२ म्हणजे मोठा लोड कुठेतरी सुटलाय, हात आपोआप बटणाकडे जातो. धाकटा म्हणाला, "सर, घाबरू नका, बॅटरीचा इन्व्हर्टर मुद्दाम वाढवतोय. बॅटरी भरली हे सोलरला सांगायला वेगळी वायर नाही, म्हणून तो वारंवारता चढवतो. ती वाचून सोलर स्वतःच कमी होतं."

पाहिलं तर सोलर खरंच खाली येत होतं. २२, १५, ९.

हा तर गव्हर्नर. मागणीपेक्षा निर्मिती जास्त झाली की वारंवारता चढते, आणि ती चढली की टर्बाइनचा गव्हर्नर वाफ कमी करतो. यात माझं आयुष्य गेलं. वाफ नाही, फिरणारं लोखंड नाही, पण नियम तोच, आणि या पोरांनी तो एका भिंतीवरच्या पेटीत बसवला होता. मला भरून आलं. मी ते लपवलं नाही.

पण २२ किलोवॅट ऊन वाया जात होतं. मी मामांना हाक मारली, "मामा, पंप लावा." "आत्ता? टाकी तर पाऊण भरलीय, मी पहाटे पाचला भरतो." "आत्ता काठोकाठ भरा. बागेचीही." एक पंप उठला, मग दुसरा. ५१.२ वरून आकडा खाली आला, ५०.६ वर थांबला. घाटघरच्या उदंचन केंद्रात हेच होतं, फक्त डोंगराएवढं. १२५ मेगावॉटचे दोन संच, थर्मलची रात्रीची उरलेली वीज घेऊन पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी खाली सोडायचं, यासाठी बांधलेले. आता उरते ती दुपारी, म्हणून पाणी चढवायची वेळ बदलायची.

संध्याकाळी माझ्या जुन्या जोडीदाराला फोन केला. तो विदर्भातल्या एका केंद्रावर अजून सेवेत आहे. म्हणाला, "दुपारी लोड ५५ टक्क्यांवर आणायला सांगतात, सहानंतर पूर्ण. रोज. बॉयलरच्या नळ्या तापतात-निवतात, लीक वाढलेत. हे यंत्र एका चालीनं चालायला बनवलंय रे." मग जरा थांबून म्हणाला, "आणि कोळसा हाताळणाऱ्या कंत्राटी पोरांना कोण विचारतंय?" मी त्याला उत्तर दिलं नाही, माझ्याकडे नव्हतं. २०१५ च्या दुष्काळात पाण्याविना परळीचे संच थांबले, तेव्हा गावातल्या चहाच्या टपऱ्यांपासून वीटभट्ट्यांपर्यंत काय झालं ते मी पाहिलंय. ते दुष्काळामुळे होतं, पाणी आलं की सुरू होणार हे माहीत होतं. कायमचं बंद होणाऱ्या संचाच्या गावात बॅटरीचे कारखाने, दुरुस्तीची केंद्रं आधी गेली पाहिजेत, आणि बंद व्हायच्या आधी गेली पाहिजेत. ज्या माणसानं बॉयलर सांभाळलाय, त्याला इन्व्हर्टर शिकवायला सहा महिने पुष्कळ झाले. मी शिकलोच की.

रात्री मुलांना घरी पाठवलं आणि ओट्याजवळ खुर्ची टाकून बसलो. सवयीनं वही काढली, तासातासाचं रीडिंग. नदीकडून उशिरापर्यंत ढोलांचा सराव ऐकू येत होता. दहा वाजता साठा ६२ टक्के. बाराला ४८. दोन-चाळीसला ३६, लोड साडेचार किलोवॅट, ५०.० हर्ट्झ. मध्ये एकदा सातव्या मजल्यावर जाऊन दाराबाहेर उभा राहिलो. मशीनचा तो संथ आवाज येत होता, आत-बाहेर, आत-बाहेर.

पाचला मामा डोळे चोळत पंपाच्या स्विचकडे निघाले, अर्ध्यात थांबले, वर टाकीकडे पाहिलं आणि परत फिरले. साठा २४ टक्के होता. तेव्हा पंप लागले असते तर सूर्य वर यायच्या आत आमची बॅटरी बसली असती.

साडेसहाला पूर्वेकडे ढग होते, तरी सोलरचा आकडा शून्यावरून हलला. अर्धा किलोवॅट. सातला मी ग्रिड परत घेतलं. वहीत शेवटची ओळ लिहिली: साठा १९ टक्के, दोष नाही. मग मामांपुढे वही धरली. पाळी बदलताना घेणाऱ्याची सही लागते, त्याशिवाय डेस्क सोडायचं नसतं. मामांनी हात पुसले, पेन घेतलं आणि सावकाश पूर्ण नाव लिहिलं.