साक्षीदाराची सही

गिरगावातल्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहणारे वकीलसाहेब गेल्या महिन्यात वारले. वर्तमानपत्रात नाव छापून यावे असा एकही खटला त्यांनी चालवला नव्हता. चाळीस-पंचेचाळीस वर्षे मृत्युपत्रे, बक्षीसपत्रे, हक्कसोडपत्रे आणि प्रोबेटचे, म्हणजे मृत्युपत्राला न्यायालयाची मान्यता मिळवण्याचे अर्ज, एवढेच त्यांचे काम. तरीही त्यांना पोहोचवायला चंदनवाडीत जी गर्दी जमली, तिच्यातल्या निम्म्या लोकांच्या घरचे कागद त्यांच्या हातचे असावेत.

पैसे देणारे अशील त्यांना फोर्टातल्या कचेरीत भेटत. शनिवारी संध्याकाळी मात्र ते चाळीच्या मंडळाच्या खोलीत, गणपतीच्या मखराच्या लाकडी फळ्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या असत तिथेच, एक टेबल आणि दोन घडीच्या खुर्च्या मांडून बसत आणि येईल त्याला फुकट सल्ला देत. येणाऱ्यांत गिरणीतून निवृत्त झालेले असत, पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या बायका असत, पेन्शनीतले मास्तर असत. मृत्युपत्र साध्या कागदावर चालते, त्याला स्टँप लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही, हे ऐकून निम्म्या लोकांचा विश्वासच बसत नसे. फुकटात झालेला कागद खरा कसा असेल, अशी त्यांची शंका असे.

सर्वांत जास्त वेळ जाई तो दोन गैरसमज दूर करण्यात. पहिला नॉमिनीचा. बँकेत किंवा सोसायटीत ज्याचे नाव लावले तोच मालक, अशी ठाम समजूत असणाऱ्यांना ते सांगत की नॉमिनी हा पैसे हाती घेणारा विश्वस्त असतो, हक्क वारसांचा किंवा मृत्युपत्रात ज्याचे नाव आहे त्याचा. आयुर्विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये हेच सांगितले होते. पुढे २०१५ मध्ये विमा कायद्यात बदल होऊन पती-पत्नी, आई-वडील आणि मुले नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच, असे ठरले, आणि तेव्हापासून हा विषय समजावताना त्यांना एक वाक्य जास्त बोलावे लागे, याची ते तक्रार करत. दुसरा गैरसमज पागडीचा, म्हणजे मालकाला एकरकमी पैसे देऊन भाड्याने घेतलेल्या खोलीचा. आमच्यासारख्या चाळींत आयुष्य गेलेल्या माणसाला खोली स्वतःचीच वाटते. पण भाडेहक्क मृत्युपत्राने देता येत नाही. भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे तो जातो. पुण्याच्या पुतण्याच्या नावे खोली लिहून द्यायला आलेल्या एका निपुत्रिक आजोबांना त्यांनी हे सांगितले, तेव्हा आजोबा बराच वेळ छत्रीची मूठ फिरवत बसून राहिले होते.

त्यांच्याविषयी केवळ चांगलेच लिहिले तर ते त्यांनाच आवडले नसते. ते तापट होते. हस्तलिखित मसुदा टाइप करून यायला तीन-तीन आठवडे लागत आणि त्याबद्दल विचारलेले त्यांना खपत नसे. शिवाय सुरुवातीच्या वर्षांत त्यांनी बहिणींकडून भावांच्या नावे भराभर हक्कसोडपत्रे लिहून घेतली होती, हे ते स्वतःच सांगत. वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानेच मिळाला होता, पण माहेर तुटू नये म्हणून बहिणी सही करत आणि वकील कागद पुढे सरकवत. १९९४ मध्ये महाराष्ट्राने वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतही मुलींना जन्मतः हक्क दिला, मात्र त्या वर्षी २२ जूनपूर्वी लग्न झालेल्यांना वगळले. ती अट २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीत उरली नाही. या काळात केव्हातरी त्यांनी स्वतःपुरता एक नियम केला. सही करणारी बहीण एकटी आली पाहिजे, भाऊ जिन्याखाली थांबला पाहिजे आणि निदान अर्धा तास तिने खुर्चीवर बसले पाहिजे. त्या अर्ध्या तासात ते फार बोलत नसत, चहा मागवत. या नियमापायी काही अशील त्यांनी गमावले. मला विचाराल तर बहिणींना नुसते बसवून ठेवण्यापेक्षा त्यांनी हिस्सा किती होतो तो आकडा कागदावर लिहून दाखवायला हवा होता, पण ते म्हणत की आकडा दाखवला तर भांडण मी लावले असे होईल.

मी त्यांची साक्षीदार झाले तेव्हा चोवीस वर्षांची होते. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचे मृत्युपत्र होते. साक्षीसाठी आजींच्या वयाच्या मैत्रिणी तयार असताना त्यांनी मला आणि समोरच्या खोलीतल्या एका मुलाला बोलावले. "अगं, हा कागद वीस वर्षांनी उघडेल, तेव्हा तू कोर्टात यायला हवीस," असे म्हणून त्यांनी मजकुरावर वर्तमानपत्राची घडी ठेवली, फक्त खालची जागा उघडी राहिली. आत काय लिहिले आहे हे साक्षीदाराला कळण्याची गरज नसते. आजींनी आमच्यासमोर सही केली आणि आम्ही आजींसमोर, एवढेच महत्त्वाचे. आजींचा हात थरथरत होता, म्हणून वकीलसाहेबांनी पेन्सिलीने पुसट रेघ मारून दिली होती, आणि सही होताच त्यांनी ती खोडरबराने काळजीपूर्वक पुसली.

त्यानंतर दरवर्षी दिवाळीच्या सुमारास त्यांचा फोन येई. फराळ झाला का, हे विचारून झाले की पत्ता बदलला आहे का, हे विचारत. लग्नानंतर मी डोंबिवलीला गेले, मग ठाण्याला. दोन्ही पत्ते त्यांच्या लांबट वहीत लिहिलेले होते. आजी गेल्या तेव्हा मुंबईतल्या मिळकतीसाठी प्रोबेट सक्तीचे होते, आणि साक्षीदाराचे प्रतिज्ञापत्र हवे म्हणून त्यांचा फोन आला तो दिवाळी नसताना. उच्च न्यायालयाच्या जिन्यापाशी ते माझी वाट पाहत उभे होते, हातात तीच वही होती. मृत्युपत्राचे शेवटचे पान त्यांनी माझ्यापुढे धरले आणि विचारले, "ही सही तुझीच ना?" माझी तेव्हाची सही फारच गोल होती.