पट्टा बांधण्याआधीचे सहा रकाने

मानसोपचार वॉर्डात रुजू झाले आणि पहिल्याच महिन्यात एका पेशंटचे हात पलंगाला बांधायला मदत केली. पट्टा सोडल्यावर मनगटावर उमटलेला लाल वळ अजून डोळ्यांसमोर आहे. का बांधलं, विचारलं तर "असंच करतात" एवढंच उत्तर मिळालं.

पुढे अभ्यासक्रमात प्रकल्प करायचा होता, तेव्हा तोच प्रश्न घेतला: बांधल्याने पेशंटला फायदा होतो का? २००० सालचा कॉक्रेन आढावा, म्हणजे एखाद्या उपचारावरचं संशोधन एकत्र तपासणारा अहवाल, वाचून मी हादरले. बांधून ठेवणं किंवा एकांतात ठेवणं उपयोगी आहे का, हे दोन गटांची तुलना करून तपासणारी एकही नियंत्रित चाचणी आढावा घेणाऱ्यांना सापडली नव्हती.

मग मारहाणीचा धोका आधीच ओळखण्यासाठी नॉर्वेत तयार झालेली ब्रोसेट यादी हाती लागली. तिच्यात सहा रकाने: गोंधळलेपण, चिडचिड, दंगा, तोंडी धमकी, अंगावर जाण्याचा आव, वस्तूंची आदळआपट. जे दिसेल त्याला १ गुण. बेरीज ३ किंवा जास्त आली, तर पुढच्या २४ तासांत मारहाणीचा धोका मोठा.

इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "मला पेशंटच्या नजरेवरून कळतं. कागद कशाला?" वॉर्डात यादी भरायला लागलो, पण दोन आठवडे ड्यूटी संपताना सगळीकडे शून्य भरलं जात होतं. फार वाईट वाटायचं.

यादीच्या सूचना पुन्हा वाचल्या तेव्हा चूक कळली. ओळखीच्या पेशंटचं वागणं नेहमीपेक्षा वाढलं, तरच गुण द्यायचा. आणि 'नेहमीचं' काय, हे आम्हा नव्यांना कुठे ठाऊक होतं? ते सिस्टरांनाच ठाऊक होतं. मी कागद घेऊन त्यांच्याकडेच गेले.

एका संध्याकाळी एका पेशंटकडे बघून त्या म्हणाल्या, "आवाज याचा नेहमीचाच. पण शेजारच्याने खुर्ची सरकवली तरी भडकतोय, ते नवीन आहे." चिडचिड, धमकी, दारावर लाथा: ३. टीव्ही बंद केला, बाकीच्यांना दुसऱ्या खोलीत नेलं. सिस्टर थोडं अंतर ठेवून बसल्या आणि काय हवंय ते विचारलं. घरी फोन करायचा होता. सकाळपासून त्याला "नंतर" हेच ऐकवलं होतं, त्यात मीही होते.

त्यानंतरही बांधावं लागलं, दोनदा. पण आता सोडल्यावर पेशंटशी बोलतो. एकजण म्हणाला, "तुम्ही चौघं एकदम बोलत होता. एकानेच बोलायचं ना." आता एकजणच बोलतो, बाकीचे मागे थांबतात.